न बिघडलेले रेडिओ

अत्यंत महत्त्वाची व गंभीर सूचना! देवळाली प्रवरा गाव, आसपासच्या वाड्यावस्त्या आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवरचे समस्त सुज्ञ नागरिक यांस कळविण्यात येते की, पेठेतले रेडिओ दुरुस्त करणारे गौतम हे गेल्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, स्वतःच्या घरी, स्वतःच्या खाटेवर, डॉक्टरांनी आधीच नाव सांगून ठेवलेल्या दुखण्याने वारले. ही बातमी कानी पडताच त्यांच्या पहिलीपासूनच्या मित्राने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, शाळेच्या व्हरांड्यात खडूने माखलेल्या हातांनी तोंड झाकले आणि म्हटले, "सुटलो बाबा!" सूचना समाप्त.

थांबा. पुरवणीची घडी घालून ठेवू नका. मित्राच्या मरणावर 'सुटलो' म्हणणारा हा कोण नराधम, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते बरोबरच आहे. शाळेच्या गॅदरिंगला मास्तरांचं जे नाटक होतं, त्यात मी वीस वर्षं खलनायकच करत आलो आहे. पण खुलासा ऐका. गौतमला एचआयव्ही होता. मी हे गुपित फोडत नाही. "मी गेल्यावर लिही, सगळं लिही, 'दीर्घ आजार' म्हून लाजू नको," असं त्यानंच मला सांगून ठेवलं होतं, आणि त्याला लहानपणापासून वाढवणाऱ्या सारजाआत्यानंही मान डोलावली. हा आजार त्याला आहे हे कळल्यापासून पाच वर्षं मी ज्या बातमीला भीत होतो, ती आजाराची नव्हती. गौतमनं आपल्या हातानं जीव दिला, ही ती बातमी. शाळेच्या फाटकाशी कुणी सायकलवरून घाईघाईनं आलं की माझ्या हातातला खडू मोडायचा. पाच वर्षांत मी सरकारचे किती खडू मोडले, ते मुख्याध्यापकांना विचारा. पण ती बातमी आली नाही. आली ती दुसरीच, साधी, ज्याच्या त्याच्या वाट्याला येणारी. म्हणून सुटलो. रडलो नंतर, सावकाश, मन लावून…

गौतमचं दुकान म्हणजे पेठेतली आठ फुटांची खोली. शेजारी रफिकभाई शिंपी. दोघांमध्ये एक फळ्यांची भिंत, आणि त्या भिंतीला एक फळी नव्हतीच, त्यामुळे चहा, काडेपेटी आणि भांडणं इकडून तिकडे सहज जात. गौतम बोलायला कमी, रफिकभाई त्याहून कमी. म्हणूनच बहुधा देवानं, म्हणजे आत्याच्या भाषेत निसर्गानं, त्यांच्या मधोमध मला आणून बसवलं. शाळा सुटली की मी तिथे. गौतम चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन रेडिओच्या पोटातल्या तारांना डाख देत असायचा, रफिकभाईचं मशीन खडखडत असायचं, आणि मी दोघांना नाटकातले उतारे ऐकवत असायचो. त्यांनी कधी तक्रार केली नाही. टाळ्याही कधी वाजवल्या नाहीत.

पाच वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. मी दुकानात शिरलो तर फळ्या झाडून स्वच्छ केलेल्या, आणि गिऱ्हाइकांचे सगळे रेडिओ ओळीनं मांडून ठेवलेले, प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली. गौतम म्हणाला, "मास्तर, ह्ये ज्याचं त्याला पोचवून टाक. मी दुकान बंद करतोय." आता, महिनाभर आधी त्यानं आपलं ठरलेलं लग्न मोडलं होतं. अडतिसाव्या वर्षी, आम्ही सगळ्यांनी आशा सोडल्यावर, आत्यानं बेलापूरची मुलगी शोधून आणली होती, आणि यानं कारण न सांगता नकार कळवला. दोन्ही गावांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. मला वाटलं, वैतागून पुण्याला चालला असेल. आणि मग मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम केलं, तेही मोठ्या झोकात. मी त्याचा निरोप समारंभ केला! मास्तर माणूस, कुणी जातो म्हटलं की शाल-नारळाशिवाय दुसरं सुचत नाही. रफिकभाईकडचं अर्धवट शिवलेलं कापड शाल म्हणून त्याच्या खांद्यावर टाकलं, मापाची टेप हार म्हणून गळ्यात घातली, आणि घसा खाकरून सुरू झालो: "सन्माननीय व्यासपीठ! आज आपल्याला सोडून जाणारे आमचे गौतमराव…" चांगला पाच मिनिटं बोललो. 'जाल तिथे सुखी राहा' या वाक्याला गौतम मटकन खाली बसला. टेप गळ्यात तशीच.

"मास्तर, मी पुन्याला न्हाई चाललो."

"मग? मुंबईला?"

रफिकभाईनं हातातली कात्री खाली ठेवली, फळी नसलेल्या जागेतून या बाजूला आला, गौतमसमोर उकिडवा बसला आणि साखर हवी का विचारावं तशा आवाजात विचारलं, "गौतम, मरायचं ठरवलंस का?"

मी खवळलो. "रफिकभाई, काय अभद्र बोलताय! दिवाळीचे दिवस…"

"व्हय," गौतम म्हणाला.

मी वीस वर्षं रंगमंचावर मरतो आहे, मारतो आहे. पण एका 'व्हय'नं अंगातली हवा निघून जाते हे मला त्या दुपारी कळलं. मग त्यानं सांगितलं. एका शिबिरात रक्त दिलं होतं, नगरच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं, दोनदा तपासलं. लग्न त्यानं त्या मुलीला वाचवायला मोडलं होतं, शिव्या खाल्ल्या पण कारण सांगितलं नाही. आजार कसा झाला, हे मी त्याला विचारलं नाही. तुम्हीही मला विचारू नका. तो रोज ज्या एसटी स्टँडवरून जायचा, तिथल्या भिंतीवर कुणीतरी कवटी रंगवून खाली त्या रोगाचं नाव लिहिलं होतं. तिच्याकडे बघत बघत त्यानं आपला निकाल स्वतःच लावून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि रफिकभाई त्याला घेऊन नगरला त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "हा आजार आज-उद्या मारत नाही. अजून वर्षं हातात आहेत. पण धीर सुटला तर तेवढी वाट कोण पाहतो? काही दिवस याला एकटं सोडू नका. नको त्या वस्तू घरातून हलवा. आणि सरळ विचारत राहा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात मरण शिरत नाही, उलट असलेलं बाहेर पडतं." येताना एसटीत रफिकभाई खिडकीतून उसाकडे बघत होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तिकीट सांभाळ."

आता पहारा ठेवायचा म्हणजे काय करायचं? दोन दिवसांनी शाळा उघडणार होती. मी मास्तर, मी वेळापत्रक केलं! उभे रकाने, आडवे रकाने, आठ तास, मधली सुट्टी. पहिला तास मी, दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत रफिकभाई, कारण त्याचं मशीन आम्ही उचलून गौतमच्याच दुकानात नेलं होतं, आठवा पुन्हा मी. रात्री आत्या घरी असायचीच. पण तिला काही सांगायचं नाही अशी गौतमनं आम्हाला शपथ घातली होती, म्हणून तिला 'नाटकाच्या तालमी' असं सांगितलं. गौतमला तर या वेळापत्रकाचा पत्ताही लागू द्यायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी ते कागदाचं भेंडोळं मला माझ्याच सायकलच्या कॅरिअरला लावलेलं मिळालं. त्यावर लाल पेन्सिलीनं, गौतमच्या बारीक अक्षरात एकच दुरुस्ती होती: 'शनिवारी सकाळची शाळा असते, रफिकभाई बाजाराला जातो. शनिवारी सकाळचे दोन तास मोकळे राहिलेत.' मी घाबरून कागद रफिकभाईला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा हसला. "मास्तर, पहाऱ्यातलं भोक कैदीच दाखवतोय. चांगलं लक्षण आहे हे." शनिवारचे दोन तास भरले गेले.

नको त्या वस्तू हलवताना मी उत्साहात त्याची दाढीची पेटीही उचलून आणली होती. परिणाम असा झाला की तीन आठवड्यांत गौतमला भरघोस दाढी आली. आणि एका दुपारी सारजाआत्या काठी आपटत थेट दुकानात दाखल झाली. आत्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिनं तरुणपणी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीवर नेणारी तीच होती. विहारात बायकांना वंदना शिकवणारी तीच, आणि नवस, अंगारा, बुवा असं काही कुणाच्या घरात दिसलं की पदर खोचून भांडायला जाणारीही तीच. तिनं गौतमकडे पाहिलं.

"लगीन मोडलंस. आता दाढी वाढवलीस. कुन्या बुवाच्या नादी लागलास रं? नवस केलायस?"

"नवस न्हाई आत्या."

"मग ह्ये काय हाय तोंडावर? शेवाळ?"

मित्र संकटात आहे हे पाहून मी पुढे सरसावलो. "आत्या, नाटकात त्याला ऋषीचं काम दिलंय…"

"तू गप रं मास्तरा! तुज्या नाटकातल्या ऋषीची दाढी निम्म्या अंकात गळून खाली पडती, ती सगळ्या गावानं पाह्यलीय. म्या देव बुडवले ते ह्यानं दाढी वाढवून पुन्हा वर काढायला व्हय?"

आणि गौतम हसला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि हसता हसताच त्याचा आवाज फाटला. "आत्या, बुवा न्हाई, नवस न्हाई. ह्या दोघांनी माजी दाढीची पेटी लपवलीय. मी जिवाचं काय करून घेईन म्हून."

रफिकभाईचं मशीन थांबलं. आत्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. "का?" एवढंच म्हणाली. गौतमनं तिला सगळं सांगितलं, रोगाचं नाव, बेलापूरच्या मुलीचं कारण, दिवाळीत काय ठरवलं होतं ते. तो बोलायचा थांबला तेव्हा आत्याची मान खाली होती. मला वाटलं आता कोसळेल. तिनं मान वर केली ती माझ्याकडे बोट दाखवायला. "मला न्हाई सांगितलं, आन ह्या बोलघेवड्याला सांगितलं?" मग ती उठली, त्याच्या जवळ गेली आणि त्याच्या दाढीत हात घातला. "मला त्या रोगातलं काय कळत न्हाई. पन तू गेलास तर मी वरडू कुनावर?"

मग हुकूम सुटला: दाढी काढा. गावातल्या न्हाव्याकडे जायला गौतम तयार नव्हता. त्याला त्या माणसाला फसवायचं नव्हतं आणि खरं सांगून हाकलूनही घ्यायचं नव्हतं. "मास्तरा, तू कर," आत्या म्हणाली. मी? मी फक्त खोट्या दाढ्या चिकटवणारा माणूस! पण आत्यापुढे कुणाचं चालतं? नवं पातं आणलं, साबण फेसला, गळ्याभोवती रफिकभाईचं कापड बांधलं. हात लावल्यानं, जवळ बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग होत नाही, फक्त पातं ज्याचं त्याचं वेगळं ठेवा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ होतं. त्यावर मी तासभर भाषण दिलं असतं. पण हातानं ते भाषण ऐकलेलं नव्हतं. वस्तरा गालाला लागला आणि माझा हात थरथरू लागला. गौतमनं आरशात ते पाहिलं.

"भितोयस."

"हो," मी म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"मला बी भ्या वाटतंय. दोघं बी भितोय म्हंजे हळू करशील. कर."

अर्धा तास लागला. एक कल्ला वर गेला, एक खाली राहिला, पण एक ओरखडा उठला नाही. आत्यानं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "चंबूवानी दिसतोय. पन दिसतोय." त्या दिवसापासून दर रविवारी त्याची दाढी मी केली. हात स्थिर व्हायला चार रविवार लागले, कल्ले एका रेषेत यायला वर्ष.

लगेच सगळं छान झालं असं मात्र समजू नका. मन एकदा सावरलं की कायमचं सावरलं, असं होत नसतं. मधूनच त्याचे दिवस काळवंडायचे, तो बोलायचा बंद व्हायचा. मग रफिकभाईनं एक युक्ती काढली. मशीन तोवर परत त्याच्या दुकानात गेलं होतं. तो म्हणाला, "बोलायला जमत नसेल तर बोलू नको. रेडिओ कुठल्याच स्टेशनवर न लावता मोठ्यानं सोड. नुसती खरखर आली की मी येतो." आणि कधी महिन्यातून एकदा, कधी आठवड्यात दोनदा, पेठेत ती भसाभस खरखर ऐकू यायची. लोक कानावर हात ठेवून म्हणायचे, गौतमचं दुकान बुडालं, त्याला साधं स्टेशन लागत नाही! रफिकभाई हातातलं काज-बटणाचं काम घेऊन शांतपणे पलीकडे जाऊन बसायचा. दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी, खरखर थांबून बातम्या सुरू व्हायच्या.

आणि मग रेडिओ येऊ लागले. पहिला आणला राहुरीकडच्या एका बाईनं. गौतमनं उघडून बघितला, लावला, तर रेडिओ उत्तम गात होता. "बाई, ह्याला काय झालंय?" ती म्हणाली, "त्याला काय न्हाई झालं. नगरच्या डागदरांनी पाठवलंय." गौतमनं मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो, पण दारातच उभा राहिलो. माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत झालेला आहे. गौतम तिला हळू आवाजात विचारत होता, रफिकभाईनं त्याला विचारलं होतं तसंच, आडपडदा न ठेवता: "मरायचं मनात येतं का?" बाईचं रडणं मी ऐकलं, आणि मग शहाण्यासारखा खरोखरच चहा आणायला गेलो. त्यानंतर दुसरा आला, मग तिसरा; आणणारे सगळे गौतमच्याच आजाराचे. कुणी कोल्हारहून, कुणी श्रीरामपूरकडून, ऊसतोडीला आलेलं एक जोडपं तर पार पाथर्डीकडचं. रेडिओच्या दुकानात रेडिओ घेऊन जाणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार? टॉवेलात गुंडाळलेले, धडधाकट रेडिओ! ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा मागून आणला. पेठेतले लोक म्हणायचे, टीव्हीच्या जमान्यात गौतमचा धंदा वाढला कसा? तो सगळ्यांना वाचवत होता असं मी म्हणणार नाही. एक खाकी रंगाचा छोटा रेडिओ परत न्यायला कुणी आलंच नाही. गौतमनं माणूस पाठवून चौकशी केली, आणि कळल्यावर आठ दिवस पेठेत खरखर होती. पण नवव्या दिवशी दारात दुसरा कुणी टॉवेल घेऊन उभा होता, आणि गौतमनं त्याला स्टूल दिलं.

यंदा त्याला क्षयानं धरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शेवटच्या रविवारी मी दाढी करायला गेलो तेव्हा गाल इतके आत गेले होते की मला त्याच्या तोंडात आतून बोट घालून गाल फुगवावा लागला. तो चिडला, मग हसला, मग खोकला. म्हणाला, "मास्तर, गंमत बघ. पाच वर्सांमागं मरायचं हुतं तवा जगलो. आता लई जगावं वाटतंय, तर निघालो." तोच पुढे म्हणाला, "पन ह्ये बरं हाय रं. तवा ग्येलो असतो तर ही पाच वर्सं कुनाला घावली असती?" मंगळवारी दुपारी आत्यानं भरवलेली पेज खाऊन तो भिंतीकडे वळला, आणि आत्या भांडं धुऊन येईपर्यंत गेला होता.

त्याचा जलदान विधी झाला, त्या दिवसाचंच सांगून थांबतो. घरापुढे छोटा मांडव, वंदना झाली, दोघे-तिघे बोलले, 'दीर्घ आजार' कुणी म्हटलं नाही, कारण आत्या समोर बसली होती. मी बोलायला उभा राहिलो आणि दोन वाक्यांत खाली बसलो. गावाच्या इतिहासात याची नोंद व्हावी. पंगत बसली. एवढ्यात माझं लक्ष रस्त्याकडे गेलं. पस्तिशीचा एक माणूस, पायाला पुणतांब्याची की कुठली धूळ, काखेत टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ, मांडवाच्या खांबाशी उभा. त्याला काहीच माहीत नव्हतं. गौतमच्या एका चुलतभावानं त्याला समजावलं, "रेडिओवाले वारले, दादा. राहुरीत दुसरं दुकान हाय, तिथं जा." माणूस हलला नाही. त्यानं मांडवाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, रेडिओ छातीशी घट्ट धरला आणि हळूच पाठ फिरवली. तो कुठे निघाला होता? राहुरीच्या दुकानात तर नक्कीच नाही. रफिकभाई पानावरून उठला. मीही उठलो. वाढायला हातात वरणाचा डाव घेतलेल्या सारजाआत्यानं त्याला पाहिलं, टॉवेल पाहिला, आणि सगळा मांडव दचकेल अशा आवाजात ओरडली:

"आरं ए, कुटं निगालास? त्यो गेला म्हून काय झालं, आमी काय मेलोय का? बस पंगतीला!"